संगणकाच्या पंख्याचा वेग कमी करणेबाबत

विषय : कार्यालयातील संगणकाच्या पेटीस बसविलेल्या मोठ्या पंख्याचा आवाज कमी व्हावा म्हणून त्याचा वेग सुरक्षितपणे कमी करणेबाबत.

संदर्भ : १) माझा स्वतःचा अर्ज. २) त्यावरची माझीच तीन स्मरणपत्रे. ३) सोनाबाईंचा नकार.

उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, सरकारी नोकरीत किस्से गोळा करावे लागत नाहीत. फाईल कपाटात नुसती पडून राहिली तरी ती आपोआप जाड होते, आणि किस्से तिच्या आतच वाढतात. माझ्या नोकरीतली सगळ्यात जाड फाईल एका पंख्याची होती. महाड-पोलादपूर भागातलं आमचं कार्यालय नेमकं कुठलं ते सांगत नाही. पेन्शन चालू आहे, ती तशीच राहावी अशी इच्छा आहे.

*

सहस्रक उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. कार्यालयात पहिला संगणक आला. पुरवठादाराचा माणूस म्हणाला, "कोकणातली हवा दमट, म्हणून मुद्दाम मोठा पंखा बसवलाय." पेटीच्या कुशीला जेवणाच्या ताटाएवढी जाळी होती आणि जाळीच्या आत पंखा.

आता मोठ्या पंख्याचा फायदा हाच की तो सावकाश फिरला तरी पुरेशी हवा ओढतो. हे मला पुढे महाडच्या एका मिस्त्रीने सांगितलं. पुरवठादाराला ते कुणी सांगितलं नव्हतं. त्याने मोठा पंखा घेतला आणि पूर्ण वेगाने सोडून दिला. बटण दाबलं की भाताची गिरणी सुरू झाल्यासारखं वाटे. फरक एवढाच की गिरणीतून तांदूळ तरी मिळतो.

ऑपरेटर म्हणून नीता नावाची मुलगी होती, महाडला कोर्स केलेली. चौथ्या दिवसापासून ती कानात कापूस घालून बसू लागली. तिला काही विचारायचं तर आधी खांद्याला हात लावायचा, मग ती एका कानातला कापूस काढणार आणि म्हणणार, "बोला भाऊसाहेब, हा कान चालू आहे."

पेटी टेबलावरून हलवून दूर ठेवावी म्हटलं, तर वायर आखूड. आणि वायर लांब केली तर वॉरंटी संपेल, असं पुरवठादाराने कागदावर लिहून दिलं होतं. तोवरच्या व्यवहारात त्याने लेखी दिलेली तेवढी एकच गोष्ट.

*

आमच्याकडे जमिनीच्या वारस नोंदींचे जबाब होत. ज्याला वाचता येत नाही त्याला त्याचा जबाब मोठ्याने वाचून दाखवायचा, त्याने ऐकून हो म्हणायचं, मग अंगठा. खाली आम्ही लिहायचं, "वाचून दाखविला, ऐकून बरोबर आहे", आणि सही ठोकायची. ही पद्धत फार जुनी. माझ्या मते आमच्या खात्यातली ती एकमेव शहाणी पद्धत.

साहेब नवे आणि उत्साही. त्यांनी हुकूम काढला : यापुढे जबाब संगणकावरच घ्यायचा, पडद्यावरूनच वाचून दाखवायचा, दुरुस्त्या तिथल्या तिथे करायच्या, अंगठा किंवा सही नोंदवहीत घ्यायची आणि मगच एक प्रिंट काढायची. कागदाची बचत झाली पाहिजे. पक्षकाराचं स्टूल कुठे, तर टेबलाच्या डाव्या बाजूला, बरोबर पंख्याच्या जाळीसमोर.

मी घसा फोडून वाचायचो. गंमत अशी की आवाजाचा मारा फक्त टेबलाजवळ होता. खिडकीबाहेर, रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर माझं वाचन स्वच्छ ऐकू जाई. एकदा एका वाटणीचा जबाब वाचत होतो. समोरचा म्हातारा कानाला हात लावून नुसता हसत होता. टपरीवरून एक माणूस ग्लास हातात घेऊन रस्ता ओलांडून आला आणि खिडकीतून म्हणाला,

"भाऊसाहेब, थोरल्या मुलीचं नाव राहिलं बघा. आणि ते चुलत्याचं परत वाचा, तिकडं निम्मे लोक नाय म्हणतायत."

*

आता सोनाबाई.

कापडे गावाच्या वरच्या अंगाला डोंगरावर एक वाडी आहे, तिथल्या त्या. वय सत्तरीचं, थोडं कमी ऐकू यायचं. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. चार गुरं आणि डोंगरउताराची नाचणी-वरीची जमीन. नवऱ्याच्या हिश्श्याला त्यांचं नाव लागायचं होतं. सोबत दीर, बाळाराम. हा बरीच वर्षं मुंबईत राहून आलेला, त्यामुळे बोलण्यात "टेन्शन नाय" आणि "फटाफट". बाळारामने जबाब अर्ज लिहिणाऱ्याकडून तयार करून आणला होता. नीताने तो तसाच उतरवून घेतला.

पहिला परिच्छेद नाव-गाव. दुसरा नवऱ्याच्या मृत्यूचा. तिसरा असा : "सदर जमिनीतील माझा हक्क मी राजीखुशीने माझे दिराचे लाभात सोडीत आहे."

मी बाळारामला विचारलं, "बाईंना हे माहिती आहे ना?"

"वहिनीला समदं माहिती हाय, भाऊसाहेब. तुम्ही फटाफट वाचा."

असल्या हक्कसोडीला खरं तर नोंदणीचा दस्त लागतो. पण जबाबात एकदा वाक्य गेलं आणि खाली अंगठा उमटला की पुढचं सगळं सोपं होतं, हे मला ठाऊक होतं आणि बाळारामलाही. म्हणून तर वाचून दाखवायचं असतं.

मी वाचलं. तिसरा परिच्छेद दोनदा वाचला. टपरीवरच्या लोकांनी माना हलवल्या. सोनाबाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी शाईचा पॅड पुढे केला. त्यांनी हात पदराखाली घेतला.

"मला ऐकाया आलं नाय. अंगठा नाय."

"वहिनी, लाव गो. मी ऐकलं ना."

"तू ऐकलंस तर तू लाव."

साहेब म्हणाले, "पुढची तारीख द्या."

त्या दिवशी पंख्याबद्दल तक्रार न केलेला माणूस एकच. स्टुलाशेजारी उभा राहून बाळाराम म्हणाला, "पंख्याला कशाला नावं ठेवता? वारा चांगला येतो."

*

पुढच्या तारखेला सोनाबाई पुन्हा डोंगर उतरून, एसटी पकडून आल्या. मी आधीच जबाब एका पाठकोऱ्या कागदावर हाताने उतरवून ठेवला होता. बाईंना व्हरांड्यात नेलं, बाकावर बसवलं आणि साध्या आवाजात वाचायला लागलो. पहिला परिच्छेद झाला. त्या म्हणाल्या, "हां, बरोबर." दुसरा झाला. डोळे पुसून म्हणाल्या, "हां, बरोबर." तेवढ्यात शिपाई आला. साहेबांनी आत्ताच्या आत्ता बोलावलंय.

आत गेलो. साहेब म्हणाले, "संगणक असताना व्हरांड्यात हातानं लिहिलेलं वाचता? वर कळलं तर काय दिसेल?"

"साहेब, बाईंना ऐकू जाईल असं दिसेल."

तेवढं बोलल्याबद्दल माझ्याकडून लेखी खुलासा मागवण्यात आला : "शासकीय जबाबाचे वाचन विहित जागेबाहेर का केले?" तो कागद घेऊन बाहेर आलो तर बाक रिकामा. बाळाराम वहिनीला एसटीत बसवून घेऊन गेला होता. जाताना शिपायाला सांगून गेला, "व्हरांड्यातलं चालत नाय म्हनं. आम्ही तारखेला येऊ, पंख्यापाशी."

एकतीस वर्षांच्या नोकरीतला माझा तो पहिला खुलासा. वाचून दाखवल्याबद्दल.

*

म्हणून मी अर्ज केला. विषय वर दिलाच आहे. "सुरक्षितपणे" हा शब्द मी मुद्दाम घातला होता, म्हणजे कुणी घाबरू नये. घाबरले सगळे त्याच शब्दाला. असुरक्षित काहीतरी असल्याशिवाय सुरक्षितपणे कोण म्हणतं? अर्ज विद्युत शाखेकडे गेला.

महिन्याभराने एक गृहस्थ वही घेऊन आले. पंखा बघितला, ऐकला, कानावर हात ठेवला. मग वही उघडली. वहीत पंख्यांचे प्रकार तीन : छताचा, टेबलाचा आणि भिंतीतला हवा बाहेर फेकणारा. बराच विचार करून त्यांनी आमचा पंखा तिसऱ्यात घातला.

"हवा फेकतोय ना? मग एक्झॉस्ट."

"बरं, एक्झॉस्ट. वेग कमी करता येईल?"

"छताच्या पंख्याला रेग्युलेटर मिळतो. एक्झॉस्टला रेग्युलेटर द्यायची तरतूद नाही."

मी म्हटलं, मग छताच्यात घाला. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी खोटा दाखला मागितला होता. "तो छताला नाहीये," ते म्हणाले.

अहवाल आला : "पंखा पूर्ण क्षमतेने कार्यरत. तक्रारीत तथ्य आढळले नाही."

पूर्ण क्षमतेने कार्यरत हीच तक्रार होती.

मग पुरवठादाराला लिहिलं. त्याने मात्र आठ दिवसांत उत्तर दिलं. "पंखा बंद पडल्यास कळवावे. चालू पंख्याची तक्रार नोंदविता येत नाही." त्या पत्राला मी आवक क्रमांक दिला, फाईलला लावलं आणि त्या दिवशी डबा न खाता घरी नेला.

*

पंखा बंद पडायची सोय दसऱ्याने केली.

आमच्याकडे दसऱ्याला कार्यालयातल्या प्रत्येक यंत्राची पूजा होते. टाईपरायटर, सायक्लोस्टाईल, साहेबांची जीप, आणि आता संगणक. शिपायाने पेटीला हळदकुंकू लावलं आणि झेंडूची भरघोस माळ जाळीवरून घातली. नारळ फुटला. नीताने कापूस काढून नमस्कार केला आणि बटण दाबलं.

जाळीतून आत गेलेलं माळेचं टोक पात्यांनी ओढलं. भर्रकन पाकळ्या उडाल्या, थेट साहेबांच्या अंगावर. साहेबांना वाटलं की कार्यक्रमाचाच भाग आहे, ते हात जोडून उभे राहिले. मग दोरा आत गुंडाळला गेला आणि पंखा थांबला.

काय शांतता पसरली म्हणून सांगू. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतं हे त्या दिवशी कळलं. नीताने दोन्ही कान मोकळे ठेवून काम केलं. मी म्हटलं, देव पावला. आता लगेच सोनाबाईंना बोलावतो.

दीड तासाने पेटीतून जळकट वास आला, पडदा काळा झाला, यंत्र बंद. जेवणानंतर थंड झाल्यावर पुन्हा चालू झालं ते नशीब. पण धडा मिळाला : पंखा बंद करून भागणार नाही, आतलं तापतं. बंद नको आणि मोकाटही नको, मधलं काहीतरी हवं. शिपायाने चाकूने दोरा कापला आणि गिरणी पूर्ववत सुरू झाली. पाकळ्या मात्र आतच राहिल्या. अधूनमधून एखादी जबाबावर येऊन पडे.

*

महाडला एसटी स्टँडाजवळ दत्ता मिस्त्री रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा. त्याला सगळं सांगितलं.

"काका, सोपं हाय. पंखा बारा व्होल्टचा. त्याला आठ-साडेआठ मिळतील असं केलं की आवाज बसला."

"रेग्युलेटर लावून?"

"छताचा रेग्युलेटर? अजिबात नाय. तो घरच्या लाईटचा, हा डीसी. पेटी जाळाल." मग त्याने बोटांवर मोजत सांगितलं. मशीन बंद करून वायर भिंतीतून काढायची. आत वीजपुरवठ्याचा जो बंद डबा असतो तो उघडायचा नाही. मूळ तार कापायची नाही, मध्ये एक जोड टाकायचा आणि त्यात रेझिस्टर बसवायचा, चांगल्या वॉटचा, कारण तो स्वतः तापतो, म्हणून तारांपासून लांब. "काही लोक पाच व्होल्टची लाल नि बाराची पिवळी तार जोडून सात व्होल्ट काढतात. चालतं. पण पंख्यात बिघाड झाला तर बारा व्होल्ट पाचाच्या वाटेत शिरतील. सरकारी मशीनला मी ते करणार नाय."

"आणि फार सावकाश झाला तर?"

"थंड असताना दहा वेळा चालू करून बघायचं. दहाही वेळा आपणहून फिरला पाहिजे. एकदा जरी बोटानं ढकलावा लागला तर वेग वाढवायचा. मग दोन तास काम करायचं नि आतलं तापमान बघायचं. मशीन सुरू होताना एक पान येतं, त्यात आकडा असतो."

हे सगळं त्याने दहा मिनिटांत सांगितलं. त्याच्याकडे वही नव्हती.

*

पण पेटीला सील होतं. साहेब म्हणाले, "पाकळ्या काढायला उघडा, हरकत नाही. मात्र सील आहे, तेव्हा पंचनामा हवा."

दोन पंच आणले, एक टपरीवाला आणि एक शेजारचा शिंपी. दत्ताने चार स्क्रू काढले. मी लिहू लागलो : "पंचांसमक्ष पेटीचे आवरण काढले असता आत धूळ, झेंडूच्या पाकळ्या अंदाजे ओंजळभर, अक्षता, व एक मृत पाल मिळून आली."

साहेबांनी कागद बघितला. "हाताने? पंचनामा संगणकावर करा."

"साहेब, संगणक पंचनाम्यात आहे."

त्यांनी वाकून उघडी पेटी पाहिली. मग म्हणाले, "बरं, कच्चा हाताने करा. पक्का नंतर."

पाकळ्या काढल्या. आणि दत्ताने खिशातून आधीच तयार करून आणलेला जोड काढून मध्ये बसवला. ते पंचनाम्यात लिहिलं नाही. नोकरीत मी कागदावर न आणलेली तेवढी एकच गोष्ट, आणि तिचा मला पश्चात्ताप नाही. दहा वेळा चालू-बंद केलं. दहाही वेळा पंखा आपणहून फिरला, सावकाश, पोट भरलेल्या बैलासारखा. दोन तासांनी नीताने ते पान उघडलं. म्हणाली, "आधीपेक्षा तीन अंश जास्त. चालेल." आवाज होता, पण सुपात धान्य पाखडल्याएवढाच.

साहेब आतून बाहेर आले. "लाईट गेली का?"

*

दुसऱ्या आठवड्यात सोनाबाईंची तारीख होती. त्या येऊन स्टुलावर बसल्या, सवयीने पंख्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आजारी हाय काय हा?"

बाळाराम दारातच थबकला. "पंखा बिघडलाय, भाऊसाहेब? मग पुढची तारीख घेऊ आपण. टेन्शन नाय."

"बिघडलेला नाही, सुधारलाय. बसा."

मी बोलतो त्या आवाजात वाचलं. पहिला परिच्छेद. "हां, बरोबर." दुसरा. "हां, बरोबर." तिसरा वाचला आणि थांबलो. सोनाबाईंनी मान तिरकी केली.

"परत वाच रे बाबा त्या."

परत वाचलं.

"ह्या कोन बोललं?"

"वहिनी, तुला सांगितलं हुतं ना मी."

"कधी सांगितलंस? पंखा चालू असताना?"

टपरीवर त्या दिवशी काही ऐकू गेलं नाही, तरी आत जेवढे होतो तेवढे हसलो. बाळाराम सोडून. सोनाबाई हसल्या नाहीत. "माझी गुरं कुठं चरतील? नाचणी कुठं करू? मी का सोडीन?" त्या मला विचारत होत्या, आणि तो परिच्छेद मी त्यांच्यासमोर आधी दोनदा ओरडून वाचला होता, हे मला आठवत होतं.

साहेब खुर्चीतून उठले, पडद्यापाशी आले आणि म्हणाले, "काढा ते." नीताने एकेक अक्षर मागून पुसत नेलं.

"गेला काय?"

"गेला."

"मग पयल्यापासून वाच."

पहिल्यापासून वाचलं. सोनाबाईंनी अंगठा पुढे केला. त्या नोंदीखाली "वाचून दाखविला, ऐकून बरोबर आहे" हे मी लिहिलं, आणि संगणक आल्यानंतर ते पहिल्यांदाच खरं लिहिलं.

*

तीन महिन्यांनी पुरवठादाराचा माणूस वार्षिक तपासणीला आला. पेटी उघडून म्हणाला, "यात अनधिकृत भाग आढळतो." चिमट्याने जोड काढला, पाकिटात घातला, पाकिटावर माझी सही घेतली. पंखा मूळ स्थितीत आणल्याचा दाखला साहेबांनी दिला. नीताने कापूस आणवला. मी त्याच आठवड्यात तिसरं स्मरणपत्र लिहिलं, आणि पुढच्या वर्षी निवृत्त झालो.

निवृत्तीनंतर दीड वर्षाने मला पत्र आलं. माझ्या मूळ अर्जाच्या अनुषंगाने माझा जबाब घ्यायचा होता, समक्ष हजर राहावे. गेलो. साहेब नवे, कारकून नवा, ऑपरेटर नवा. पेटी तीच. मला त्याच स्टुलावर बसवलं. मी म्हटलं, मला वाचता येतं, प्रिंट द्या, वाचून सही करतो. कारकून माझ्या कानाशी येऊन ओरडला, "सहीनंतरच प्रिंट. परिपत्रक आहे, काका."

परिपत्रक कुठल्या साहेबांच्या काळातलं ते मला ठाऊक होतं. त्याचा मसुदा माझ्याच हातचा होता.

तो पडद्याकडे तोंड करून वाचू लागला. त्याचे ओठ बराच वेळ हलत होते. मग थांबले. त्याने नोंदवही आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. मी हात टेबलाखाली घेतला.

"मला ऐकाया आलं नाय," मी म्हटलं. "सही नाय."

त्याने लिहिलं : "अर्जदार सही करण्यास नकार देतात. पुढील तारीख देण्यात यावी." अर्ज प्रलंबित आहे.